इराणच्या डोंगरावरची रास

मिठागरात पाणी आटतं आणि मीठ खाली उरतं. माणसाचंही तसंच. वर्षं आटली, गोष्टी उरल्या. इराणच्या डोंगरावरच्या तर एवढ्या साठल्यात की एकीला हात लावला की दुसरी घसरून पुढे येते.

तर पनवेलच्या खाडीवर एक मिठागर होतं. मिठागरावर एक कामकरी होता, त्याची एक बायको होती. बायकोचं नाव यमुना, ती मी. कामकऱ्याचं नाव मी घेत नाही, तुम्हीही विचारू नका. खाऱ्या पाण्यात उभं राहून यांच्या पायांना भेगा पडल्या होत्या, त्या भरेनात. डॉक्टर म्हणाला, आणखी एक हंगाम पाण्यात उतरलास तर बोटं जातील.

गावात एक इराणी हॉटेलवाला होता, सगळे त्याला शेठ म्हणायचे. तो आपल्या मुलखात, डोंगरावर तंबूंचं हॉटेल काढायला निघाला होता. झाडलोटीला हे आणि रांधायला मी, असं दोघांना त्याने बरोबर घेतलं. बोली अशी, की थंडी सरताना त्यांचं नवं वर्ष लागतं, तोवर तो आमचं काम बघणार. पटलं तर कायम, नाही तर परतीची बोट. परतीची बोट म्हणजे यांना पुन्हा खारं पाणी. डोंगर चढताना दोघांच्या डोक्यात तेवढंच होतं.

*

वर साहेब आणि मडमा मोटारी भरून यायच्या आणि पैसे देऊन कापडाखाली झोपायच्या. आमच्याकडे लग्नात मांडव घालतात, पण पाहुणे जेवून घरी जातात. हे साहेबलोक मांडवातच निजत. बरेच दिवस बघितलं, मग शेठला हळूच विचारलं, "शेठ, यांची घरं जळली काय?"

शेठने ते जसंच्या तसं पाहुण्यांना सांगितलं. संध्याकाळी एक मडम मुद्दाम येऊन मला तिच्या घराचा फोटो दाखवून गेली. दुमजली होतं, कौलं शाबूत.

*

तिथली रोटी तापलेल्या खड्यांवर भाजतात. मला कोण सांगणार? रोटीला खडे चिकटलेले दिसले, म्हटलं, मेले पीठ चाळत नाहीत. यांना म्हटलं, कशाला पाहुण्यांचे दात पाडायचे? आणि जाऊन रोटीवाल्याला माझी पनवेलची चाळणी देऊन आले.

त्याने ती छातीशी धरली, वाकून सलाम केला आणि भिंतीवर आरशाशेजारी टांगली. पीठ काही तिच्यातून कधी गेलं नाही.

*

घरून सुक्या बोंबलांची एक जुडी नेली होती. एकदा राहवलं नाही, निखाऱ्यावर भाजले. वारा तंबूंकडे होता. अर्ध्या तंबूंतली माणसं नाकाला रुमाल लावून टेकडीवर जाऊन बसली. शेठ लाल झाला. म्हणाला, पुन्हा हा वास आला तर तुम्ही दोघं आणि तुमची मासळी, एकाच बोटीने.

तेवढ्यात एक गोरा म्हातारा वास घेत घेत चुलीपाशी आला. आयुष्य मुंबईत काढलेला. येताना ताट घेऊनच आला होता. जेवून उठला, पुढच्या खेपेचा तंबू तिथल्या तिथे सांगून ठेवला. शेठ बोटीचं विसरला. यांना मात्र म्हणाला, चूल जरा लांब न्या.

*

मग थंडी आली, पाहुणे गेले, आणि एका सकाळी सगळा डोंगर पांढरा. आभाळातून पडलेला बर्फ आम्ही जन्मात पाहिला नव्हता. हे दारात उभे राहिले ते राहिलेच. नंतर फावडं घेतलं. स्वयंपाकाच्या तंबूमागे सावलीत सगळा बर्फ ओढला, मिठाची लावतात तशी उतरती रास लावली, वरून थापटली आणि खेचरांसाठी साठवलेलं गवत आणून जाडजूड शाकारली. आपल्याकडे पावसाळ्याआधी मीठ झाकतात, तश्शी.

मी म्हटलं, "आवो, हे मीठ नाय."

"ठाव हाय मना," हे म्हणाले. "पन पांढरी रास उघडी टाकून झोप नाय येत."

शेठने गवताची गंजी संपलेली पाहिली आणि डोक्याला हात लावला. "बर्फ को चादर ओढाता है? आणि माझा खेचर काय खाएगा, तुझा टोपी?"

त्यांचं नवं वर्ष लागलं. शेठने निकाल दिला, उन्हाळ्याचे पाहुणे येईपर्यंत थांबा, मग बंदर गाठा. यांच्या भेगा तोवर भरत आल्या होत्या. रात्री हे पायांना तेल लावत.

*

उन्हाळा लागला. तंबू भरले, आणि मागोमाग दरड कोसळून रस्ता बंद झाला. खालच्या शहरातून बर्फाच्या लाद्या यायच्या, त्या थांबल्या. पाहुणे कोमट सरबत पिऊन तोंड वाकडं करू लागले. काही जण रस्ता उघडताच जायचं म्हणू लागले. शेठ या तंबूतून त्या तंबूत माफी मागत फिरत होता.

आमचं गाठोडं बांधून झालं होतं, रस्ता उघडला की निघायचं. जाण्याआधी मागची घाण काढून जा, असा हुकूम होता, म्हणून हे राशीवरचं कुजकं गवत ओढायला गेले. थोड्या वेळाने मला हाक मारली. मी गेले, बघितलं, आणि स्वयंपाकघरातली सगळ्यात मोठी परात घेऊन आले.

बर्फाने भरलेली परात हे डोक्यावर घेऊन तंबूंमधून निघाले. पाणी कानावरून गळत होतं. शेठने परातीत हात घातला. मग मागे जाऊन राशीतही कोपरापर्यंत घातला. तसाच ओल्या हाताने आमच्या खोपटात आला, खाली बसला आणि गाठोड्याची गाठ स्वतः सोडू लागला. गाठ पक्की होती, दातही लावले.

सुटली तेव्हा यांच्याकडे वर बघून म्हणाला, "नमकवाला, येत्या थंडीला गवत किती मागवू?"