एका वितीच्या आत

बॅटरीच्या लाल टोकावर अंगठा ठेवायचा, करंगळी ताणून वायरवर टेकवायची आणि म्हणायचं, "एका वितीच्या आत." गाडीत वेगळा अॅम्प्लिफायर बसवताना बॅटरीपासून डिकीपर्यंत एक जाड लाल वायर न्यावी लागते. तिचा फ्यूज करंगळीच्या अलीकडेच असला पाहिजे, असा त्याचा नियम होता. पलीकडे गेला तर तो वायर सोडवून पुन्हा सुरुवात करी.

नवघरमध्ये त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर आणि समोर एक गाडी उभी राहील एवढी जागा. असा एखादा माणूस तुमच्याही नाक्यावर असेल : काम चोख, तोंड फटकळ. हा जवळच्याच राई गावच्या शेतकरी घरातला. गिऱ्हाइकांशी हिंदी बोले, चिडला की राईचं मराठी. त्यामुळे राईचंच जास्त ऐकू येई.

एकाने ऑनलाइन मागवलेला अॅम्प्लिफायर आणला. खोक्यावर पाच हजार वॉट लिहिलेलं. त्याने खोकं चारही बाजूंनी वाचलं. "पाच हजार? मंग गाडीत कशाला लावतो, सोसायटीच्या लिफ्टला लाव." दुसऱ्याच्या किटमध्ये फ्यूजच नव्हता. घाई आहे, तसंच जोडून द्या, असं त्याचं म्हणणं. याने सगळं सामान परत खोक्यात भरलं, चिकटपट्टी लावली, खोकं त्या माणसाच्या गाडीच्या टपावर ठेवलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.

माझ्या गाडीच्या स्टीरिओला अॅम्प्लिफायर जोडायची सोय कंपनीने ठेवलेली नव्हती. त्याने मागच्या स्पीकरच्या वायरींमधून एका छोट्या डबीमार्फत आवाज घेतला, कंपनीची एकही वायर न कापता. लाल वायर इंजिनाकडून आत आणताना पत्र्याच्या भोकात रबर बसवलं, कारण पत्र्याची कड वायर सोलते. खोल आवाज देणारा सबवूफर सीटखाली गेला. यात पूर्ण दिवस गेला. शेवटी त्याने मला बाहेर उभं केलं, आत बसून काचा लावल्या आणि गाणं सुरू केलं. थोड्या वेळाने ते थांबवून काच खाली केली.

"काय ऐकू आलं काय, पेपरवाले?"

मी पेपरात बातमीदार, म्हणून ही हाक. नाही म्हणालो.

"मंग बरोबर हाय. गाणं गाडीतल्या मानसांसाठी हाय, नाक्यासाठी न्हाय."

मग त्याने मला आत बसवलं. ढोलकीचा घुमारा त्या गाडीत मी पहिल्यांदा ऐकला. तो स्टीरिओकडे पाहत नव्हता, माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता. त्याच्या कपाळावर आठी नाही असं मी त्याला तेवढ्याच वेळी पाहिलं.

पुढच्या वर्षी एका रविवारी सकाळी, इंद्रलोकजवळच्या आमच्या सोसायटीत, एका शेजाऱ्याच्या उभ्या गाडीला आग लागली. त्या गाडीतलं कामही यानेच केलं होतं. कोणाला इजा झाली नाही. अग्निशमन दलाने आग विझवली तेव्हा आतल्या सीट जळून गेल्या होत्या. मी तिसऱ्या मजल्यावरून धूर पाहिला, खाली जाऊन दोघांना विचारलं आणि फोनवरूनच तीन ओळींची बातमी पाठवली. तिसरी ओळ अशी होती : नंतर बसवलेल्या साउंड सिस्टिममुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.

दुसऱ्या दिवशी तो पेपर घेऊन दारात उभा राहिला.

"ह्यो अंदाज कोनाचा?"

लोकांचा, मी म्हणालो.

"लोक म्हंजे कोन?"

मी चपला घातल्या. आम्ही खाली गेलो. गाडी आतून कोळसा झाली होती, पण पुढचा भाग शाबूत होता. शेजारी तिथेच होता. त्याच्या परवानगीने याने बॉनेट उचललं. बॅटरीपासून वितीच्या आत फ्यूजची डबी होती. डबीत फ्यूज नव्हता. त्याच्या जागी तांब्याची तार होती, तीन वेढे देऊन पिळलेली.

शेजाऱ्याने काहीही लपवलं नाही. मध्यंतरी दुसरीकडून सीट बदलून घेतल्या. त्यानंतर फ्यूज सारखा उडायला लागला, म्हणून तार बांधली. घरीही बांधतोच की, म्हणाला.

"शेठ, सीटखाली वायर दाबली गेली, म्हनून तो उडत व्हता. तो वरडून सांगत व्हता. तुमी त्याचं तोंड बांधलं."

मग त्याने एकच गोष्ट मागितली. 'तार मी बांधली', एवढी एक ओळ सोसायटीच्या ग्रुपवर टाका. शेजारी म्हणाला, विम्याचा क्लेम चालू आहे, आता हा विषय नको. शिवाय तुमचं नाव कोणी घेतलंय का?

ऑफिसात मी दुरुस्ती छापायचं विचारलं, तेव्हा हेच उत्तर मिळालं. नाव छापलेलं नाही, मग खुलासा कोणाचा? आमच्या भागात गाडीत साउंड बसवणारं दुकान एकच होतं, त्यामुळे नाव छापायची गरजच नव्हती. मी हे एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

बातमीचं कात्रण आधी आमच्या ग्रुपवर फिरलं, मग आजूबाजूच्या. त्याच्या शटरसमोरची जागा रिकामी राहू लागली. काही सोमवार तो येत राहिला. आत येत नसे. "आलं काय छापून?" एवढंच विचारी. मी म्हणे, प्रयत्न चालू आहेत. चालू नव्हते. मग तो येईनासा झाला.

त्या जागेत आता मोबाइलच्या काचा बदलून मिळतात. त्याचा फोन लागत नाही. राईत चौकशी केली. घर विकून कुठे गेला, हे कोणाला नक्की माहीत नव्हतं, आणि अंदाज मी विचारला नाही.

इतक्या वर्षांत मी "प्राथमिक अंदाज" किती वेळा लिहिलं, ते मला सांगता येणार नाही. बॉनेट उघडायला एक मिनिट लागतं. त्या गाडीपासून मी दहा पावलांवर उभा होतो.

गेल्या आठवड्यात माझ्या गाडीची बॅटरी बदलली. ही जास्तीची लाल वायर काढून टाकू का, असं मेकॅनिकने विचारलं. नको म्हणालो. तो हात धुवायला गेला तेव्हा मी बॅटरीच्या टोकावर अंगठा ठेवून वीत ताणली. माझी करंगळी फ्यूज ओलांडून दोन बोटं पुढे गेली. त्याचा हात माझ्याहून लहान होता.