दार उघडायचं बटण

लातूरच्या होस्टेलातून फोन आला तेव्हा मी नांदेडला शाळेत, स्टाफरूममध्ये रिकामी बसले होते. माझा चित्रकलेचा तास गणिताच्या सरांनी जादा शिकवणीसाठी घेतला होता. नेहमीच घेतात. आधी विचारतात, एवढा त्यांचा सभ्यपणा.

"तुमची मुलगी मोबाईलवर गेम खेळताना सापडली. उद्या येऊन जा," रेक्टर मॅडम म्हणाल्या.

मुलगी नीटची तयारी करत होती, दुसऱ्यांदा. पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलं होतं. होस्टेल आणि क्लास एकाच संस्थेचे, म्हणजे एक सुटलं की दुसरंही सुटणार. एसटीत बसल्यापासून तिला काय काय बोलायचं ते मी मनात घोळवत होते. चाकूर आलं तरी ते संपलं नव्हतं.

ऑफिसात आणखी दोन पालक बसले होते. मुलगी कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती. मॅडमनी बसा म्हणायच्या आधीच सुरुवात केली.

"हिला इचारलं, हे काय करायलीस? तर म्हणती, मॅडम, ही कला हाय. आता तुमीच सांगा. तुमी चित्रकलेच्या बाई ना? याला कला म्हणायचं का?"

दोघे पालक हसले. मलाही हसून सुटता आलं असतं. खरं सांगायचं तर माझ्या ओठांवर आलं होतं, "याला मार्क किती?" चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला मुलांना बसवताना पालक मला हेच विचारतात. ग्रेड मिळाली तर दहावीला किती गुण वाढतील, बाई? इतकी वर्षं ऐकून तो प्रश्न माझ्याही तोंडात बसला होता.

मॅडमनी पुरावा म्हणून मोबाईल माझ्यापुढे सरकवला. विटा रचून घर बांधायचा खेळ होता. पण ते घर माझं होतं.

निलंग्याकडच्या आमच्या गावातलं, दगडमातीचं, धाब्याचं घर. भूकंपात ते बसलं तेव्हा माझे वडील आत होते. मी शाळेत जाणारी पोर होते. नंतर सरकारनं दुसरीकडे गाव वसवलं, सरळ रेषेतलं, आणि जुन्या गावाचा विषय आमच्यात निघेनासा झाला. मुलीला मात्र मी लहानपणी जेवू घालताना त्या घराचं सांगायची. धाब्याच्या मातीच्या छताला झरोका होता, त्यातून उन्हाचा कवडसा पडायचा. सकाळी चुलीपाशी असायचा, सरकत सरकत धान्याच्या कणगीपाशी आला की शाळेची वेळ झाली.

पडद्यावर झरोका होता. चूल होती, कणगी होती. आणि मी बघत असताना कवडसा सरकला.

ते ऊन मी किती वेळा रंगवायला घेतलं असेल. कागदावर ते एका जागी थिजून बसायचं. आणि या पोरीनं, जिनं ते घर कधी पाहिलंही नव्हतं, ऊन चालतं केलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच वेळी मॅडम त्या पालकांना म्हणाल्या, "चित्रकलेच्या बाईंच्या घरात असंच चालायचं."

माझं डोकं फिरलं. "हो, कला आहे," मी म्हणाले, आणि मग तोंडच सुटलं. तुम्हाला उजेड कळतो का, सावली कळते का, पाठांतरापलीकडं काही कळतं का. गणिताच्या सरांना जे कधी बोलले नव्हते ते सगळं त्या बाईंना ऐकवलं. बोलताना बरं वाटत होतं, लई बरं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मग घेऊन जा कलाकाराला नांदेडला."

मी मुलीचा हात धरून ताठ मानेनं बाहेर पडले. गेटपाशी तिनं हात सोडवून घेतला.

"मम्मी, तू कुणाशी भांडायली व्हतीस?"

"तुझ्यासाठीच तर—"

"माझ्यासाठी न्हाई. मला डॉक्टर व्हायचंय. घर मी तुझ्यासाठी बांधलं, तुझ्या वाढदिवसाला दाखवणार व्हते. तू नुसतं सॉरी म्हणली असतीस तर मी राहिले असते इथं."

ती रडत नव्हती. रडली असती तर मला समजूत तरी घालता आली असती. माझ्या अपमानाची भरपाई मी तिचं वर्ष पणाला लावून करून घेतली होती, आणि हे मला अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीकडून ऐकावं लागलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी परत आत गेले. ते दोन पालक अजून तिथंच होते. त्यांच्यासमोर मी हात जोडले.

"चुकलं माझं, मॅडम. कला कसली, खेळच आहे तो. पोरीला राहू द्या."

"आता कसं बोललात," मॅडम म्हणाल्या आणि मोबाईल माझ्या हातात दिला. "हा घेऊन जा घरी." मुलगी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, माझ्याकडं बघेल. ती पुस्तकं घेऊन अभ्यासिकेत निघून गेली.

मोबाईल मी नांदेडला आणला. घरात कुणी नसताना खेळ उघडला. खेळात मी त्या घराबाहेर होते आणि दार लावलेलं होतं. सगळी बटणं दाबून पाहिली. कधी उडी मारली जाई, कधी माझीच एखादी वीट फुटे, तेव्हा घाबरून मी हात काढून घेई. दार काही उघडलं नाही. शाळेतल्या कुठल्याही पोरानं क्षणात दाखवलं असतं, पण काय म्हणून विचारायचं?

रविवारी होस्टेलच्या फोनवरून तिचा फोन आला. जेवली का, झोप होते का, सगळं विचारून झालं.

"ते दार कसं उघडायचं गं?" मी विचारलं.

पलीकडून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"खेळच हाय की तो, मम्मी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग तिनं आठवड्याच्या टेस्टचे मार्क सांगितले. आणि मी, तोंडाला सवय होती म्हणून, विचारलं, "पहिल्या आलेल्या मुलीला किती?"