कुंकू लागलेली रहस्यकथा

रहस्यकथा हातात आली की मी आधी शेवटचं पान वाचते. माझा जीवच घाबरा. कोण जगणार, कोण मरणार एवढं एकदा कळलं की मग पहिल्या पानापासून काय मजेत वाचता येतं! भुताच्या गोष्टींचंही तेच. भूत खरं निघणार की माळ्यावरचं मांजर, हे आधी समजलं की अंधाराची वर्णनंसुद्धा गोड लागतात. आमचे हे म्हणतात, अशानं लेखकाच्या मेहनतीवर पाणी पडतं. पडेना का. दिवा मालवून झोपायचं लेखकाला नसतं, मला असतं.

ही सवय मोडली ती फक्त आष्टीत.

यांना लाईनमनची नोकरी लागली आणि आम्ही कोकणातून उठून थेट परतूर तालुक्यातल्या आष्टीला आलो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी सातवीतून शाळा सोडलेली, आणि घराबाहेर म्हणून कधी राहिलेली नाही. चहूकडे काळी जमीन, ओळखीचं एक झाड दिसेना. शेजारच्या बाया दारातून विचारायच्या, “काय करून राह्यलीस?” यात चौकशी आहे की दटावणी, हेच मला कळत नसे. मी कडी लावून आत बसायची.

मला तारलं परतूरच्या वाचनालयानं. हे आठवड्याला कामासाठी परतूरला जात, तेव्हा पुस्तक बदलून आणत. गावात आम्ही नवखे, म्हणून यांच्या साहेबांनी शब्द टाकला होता आणि मगच नाव घातलं गेलं होतं. नियम एकच, पण कडक. पुस्तक फाटलं किंवा डाग पडला की नाव कमी. त्या डागाची मला इतकी धास्ती, की पुस्तक उघडण्याआधी मी साबणानं हात धुवायची.

दुपारी घर खायला उठे, म्हणून मी मोठ्यानं वाचायची. तेवढाच घरात आवाज. तो भिंतीपलीकडे घरमालकिणीनं ऐकला. सगळी गल्ली त्यांना मोठी माय म्हणे. एके दिवशी त्या सूप घेऊन आल्या, उंबऱ्याशी बसल्या आणि कोणती पोथी लावलीस म्हणून विचारलं. मी म्हटलं, पोथी नाही हो, खुनाची गोष्ट आहे.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “पर लावलीस तर मंग अर्ध्यात सोडायची न्हाई.”

आणि पोथीचे सगळे नियम त्या खुनाला लागू झाले. प्रकरण मध्येच तोडायचं नाही, पान ओलांडायचं नाही, पुस्तक पाटावर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी आणखी बाया आल्या, ज्वारी निवडत ऐकू लागल्या. दोन घरं सोडून एका गुरुजींचं बिऱ्हाड होतं. त्यांच्याकडे बुद्धवंदना होई, पोथीपारायण नसे. गुरुजींची बायको हसून म्हणाली, “पोथी कशाला म्हणता, मोठी माय? पुस्तकच म्हणा की. पुस्तक काही कमी असतंय का?”

“पुस्तक म्हण न्हाई तर पोथी म्हण. बसल्यावर उठायचं न्हाई, बस.”

मोठ्या माय पहिल्यांदा आल्या त्याच्या आदल्याच संध्याकाळी यांनी ते पुस्तक आणलं होतं, आणि त्या दुपारी वाचायच्या घाईत शेवटचं पान बघायचं राहूनच गेलं होतं. हळूच बघावं म्हणून बोट सरकवलं, तर मोठ्या मायनं पकडलं. त्या दिवसापासून वाचन संपलं की पुस्तक त्यांच्या देवघरात जाऊन बसे. दुसऱ्या दुपारपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही. जन्मात पहिल्यांदा मी शेवट न कळता झोपले. झोपले कसली! दिवाणजीनं मारलं की पुतण्यानं, हे मी पोळ्या लाटताना ठरवत होते आणि भांडी घासताना मोडत होते. विहिरीवर बाया विचारायच्या, “तुला म्हाईत असंल, सांग ना.” मला खरंच माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसणं इतकं गोड असतं याचा मला पत्ताच नव्हता. कडी लावायची तेव्हापासून राहूनच गेली.

खुनी सापडला त्या दिवशी मोठ्या मायनं गूळखोबरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक हातात आलं, बघते तर काय! पोथी पुरी झाली म्हणून सकाळच्या पूजेत देवांबरोबर तेही पुजलं गेलं होतं. मुखपृष्ठावर पिस्तूल रोखलेला माणूस आणि त्याच्या बरोब्बर कपाळावर हळदकुंकू! ओल्या फडक्यानं पुसायला गेले तर कुंकू त्याच्या गालावर उतरलं. नाव कमी होणार. दुपार जाणार, बाया जाणार, मी पुन्हा कडीआड.

त्यात वाटूरकडे तार तुटली आणि यांना तिकडे जावं लागलं. पुस्तक परत करायचा दिवस तोच. मी एकटी एसटीत बसले. परतूर येईपर्यंत पिशवी छातीशी धरून होते.

ग्रंथपाल वयस्कर, चष्मा नाकावर घसरलेला. पुस्तक बघून त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, हे काय? मी एका दमात सगळं सांगून टाकलं, सूप, पाट, देवघर, गूळखोबरंसुद्धा. त्यांनी त्या पिस्तूलवाल्याच्या गालावरून बोट फिरवून बघितलं.

“पण पुस्तक कसं वाटलं?”

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “चांगलं आहे. पण ज्याचा खून झाला त्याच्या बायकोचं पुढे काय झालं, ते लिहिलंच नाही. खुनी सापडला की तिला सगळे विसरले. आमच्या मोठ्या मायनं शेवटी तेवढंच विचारलं.”

त्यांनी टेबलावरचं जुनं वर्तमानपत्र उचललं, दुसऱ्या एका पुस्तकाला नीट कव्हर घातलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

“यापुढं कुंकू कव्हरला लावायला सांगा.”

येताना एसटीत मी एकटीच हसत होते.

ते दुसरं पुस्तक म्हणजे प्रवासवर्णन. प्रवासवर्णनं मला अर्धीच आवडतात. लेखक कुठं काय जेवला याचीच फार पानं. पण त्यात समुद्र निळाशार लिहिला होता आणि मी वाचता वाचता थांबले. म्हटलं, पावसात समुद्र चहासारखा असतो, मी बघितलाय. त्या दिवशी पुस्तक बाजूला राहिलं आणि बायांनी मलाच वाचलं. पुढे एका मजूर बाईचं आत्मचरित्र आलं. ते गुरुजींच्या बायकोनं मागून घेऊन स्वतः वाचलं, मध्ये पाणी मागितलं नाही. आत्मचरित्राइतकं खरं काही नाही, हे माझं मत तिच्या आवाजानं झालं. कविता मला अर्धी कळते, पण भाकरी थापता थापता पाठ होते, हा तिचा मोठा गुण. पाककृतीच्या पुस्तकांवर मात्र माझा विश्वास नाही. चवीनुसार मीठ! चव कुणाची, तेच सांगत नाहीत.

मोठ्या मायला पुस्तक पटलं की कव्हरला कुंकू लागे, आणि ते बघून ग्रंथपाल पुस्तक जोखू लागले होते. एकदा एक प्रेमकथा कोऱ्या कव्हरानं परत गेली. त्यांनी यांच्याकडे निरोप दिला, या वेळी कुंकू का नाही?

मी मोठ्या मायला विचारलं. त्या ज्वारी पाखडत होत्या.

“ती पोरगी नुसती खिडकीत बसून राह्यली. तिला खुरपायला जायचं न्हाई का?”

मला ती खिडकीतली मुलगी फार आवडली होती. मी देवघरातून चिमूटभर कुंकू आणलं, माझ्या हातानं त्या पुस्तकाला लावणार, तर आठवलं, ते केव्हाच परतूरला परत गेलंय. मग निरोपच पाठवला. मोठ्या मायचं मत हे, आणि माझं वेगळं आहे.