ओकुदा साहेबांच्या वांग्याचं भरीत

या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आलोय. भूतबित मानत नाही… बरीच वर्षं कुरकुंभला केमिकल प्लांटमध्ये काढली. तिथं विचित्र वास आला की गळती शोधायची असते, अंगारा लावायचा नसतो. तीच सवय अंगात मुरली आहे. तेव्हा घडलं तसं लिहितो, पटलं तर बघा.

घर माझं दौंडकडचं, पण सध्या शिरूरला एका गेस्ट हाऊसचा केअरटेकर आहे. एमआयडीसीतल्या एका कंपनीत जपानहून येणारे इंजिनिअर इथं उतरतात. नगर रोडपासून थोडा आत, नवाकोरा बंगला आहे — पिंपळ नाही, पडकी विहीर नाही. पुढं पोर्च, तिथं चपला काढायच्या आणि जाळीच्या दारातून आत जायचं. स्वयंपाकाला सुमनमावशी, गाडीवर दत्ता. आणि त्या पावसाळ्यात राहायला एकटे ओकुदा साहेब.

साहेब पन्नाशीचे, कमी बोलणारे. मावशींनी त्यांच्यासाठी मिसो सूप शिकून घेतलं होतं, त्याला त्या 'जपानी आमटी' म्हणायच्या. साहेबही ठेचा-भाकरी खाऊन नाक पुसत 'गुड, गुड' म्हणायचे. त्यांची आई काही महिन्यांपूर्वी वारली होती. इथं नवी लाइन सुरू करायची गडबड चाललेली, त्यामुळे त्यांना जाता आलं नव्हतं. हे त्यांनी मला एकदाच, कारखान्यातली एखादी अडचण सांगावी तसं सांगितलं होतं.

ऑगस्टमध्ये त्यांनी माझ्या शेतातली एक काकडी आणि एक वांगं मागवलं. दोन्हींना टूथपिकचे चार-चार पाय लावले आणि आईच्या फोटोपुढं उभं केलं. जपानमध्ये ओबोन म्हणून सण असतो, आपल्या पितृपंधरवड्यासारखा. त्यात गेलेली माणसं घरी येतात. येताना लवकर यावीत म्हणून काकडीचा घोडा, आणि परत जाताना रमतगमत जावीत म्हणून वांग्याची गाय. मला हे फार आवडलं. आपल्याकडे पोळ्याला मातीचे बैल करतात, हेही मी त्यांना सांगून टाकलं.

मावशी तेव्हा लेकीकडं गेल्या होत्या. परतल्या त्या नेमक्या सणाच्या शेवटच्या दिवशी सकाळी. आल्या आल्या त्यांना दिसली एक सुरकुतलेली काकडी, आणि शेजारी चांगलं जाडजूड वांगं, त्यात खुपसलेल्या काड्या. आता भरताचं वांगं भाजायच्या आधी आपण टोचून घेतो, नाहीतर ते गॅसवर फुटतं. मावशींनी त्यातून काढायचा तो अर्थ काढला.

दुपारी भरीत, भाकरी, कांदा. साहेबांनी पुन्हा मागून घेतलं. मग हात धुवून फोटोपाशी गेले आणि तिथंच उभे राहिले.

मी स्वयंपाकघरात जाऊन मावशींना सगळं समजावलं. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "म्हंजी त्यांच्या आईची गाडी मी भाजली व्हय? आवं, टोचलेलं व्हतं, मला वाटलं भरीतच पायजे."

साहेब रागावले नाहीत. मी लगेच दुसरं वांगं आणायला निघालो, तर त्यांनी हातानं थांबवलं. "टुमॉरो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जेवून बाहेर आलो, तर पोर्चमधल्या सगळ्या चपला फिरवून ठेवलेल्या. आम्ही काढतो कशाही. आता मात्र जोडीला जोडी लावून, टाचा घराकडं, तोंडं रस्त्याकडं. मला वाटलं मावशींनी लावल्या. मावशींना वाटलं दत्तानं. दत्ताला गाडीसुद्धा कधी सरळ लावता आली नाही, पण तरी त्याला विचारलं. त्यानं आईची शपथ घेतली.

पुढच्या दिवशी मी गेटला आतून कुलूप घातलं, चिखलानं भरलेले गमबूट मुद्दाम आडवे टाकले आणि दाराकडं तोंड करून जेवायला बसलो. आम्ही चौघंही टेबलापाशी. डाळ घ्यायला मान वळवली असेल, तेवढीच. परत बघितलं तर गमबूट रस्त्याकडं तोंड करून नीट उभे. ओल्या चिखलावर बोटाचा ठसासुद्धा नव्हता. कॅमेऱ्याचं विचाराल, तर तो गेटवर आहे, पोर्च त्यात येत नाही. गेटमधून मात्र कुणीही आलेलं नव्हतं.

साहेब त्या गमबुटांजवळ उकिडवे बसले. मग मोबाइलवर एक फोटो दाखवला. एका लाकडी उंबऱ्यापाशी एक बाई वाकून चपला लावतेय. डोंगरात, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात, त्यांच्या आईचं पाहुण्यांना उतरायचं छोटं घर होतं. तिकडची रीत अशी की पाहुणा चपला काढून आत गेला की घरच्यांनी त्या फिरवून ठेवायच्या, निघताना त्याला पाय सरळ घालता यावेत म्हणून. तुम्ही कधी जपानला गेलात तर बघा, कोण कधी फिरवतं ते कळतही नाही म्हणे. आईनं जन्मभर तेच केलं.

"माय मदर इज हिअर," साहेब म्हणाले. आणि खरं सांगतो, माणूस इतका आनंदात मी पहिल्यांदाच पाहिला.

तिथून निराळंच सुरू झालं. शिरूरच्या बाजारातून मी रोज वांगं आणायचो, गाय केली की आई जाईल म्हणून साहेब रोज 'टुमॉरो' म्हणायचे, आणि मावशी रोज वांग्याची भाजी करायच्या. वर साहेब प्लांटमधल्या लोकांना जेवायला आणू लागले. आज चार, उद्या आठ. पोर्चभर सेफ्टी शूज. जेवण झालं की सगळ्यांच्या आधी साहेब दाराशी जाऊन बघायचे, आणि सगळे जोड फिरवलेले असायचे. पाहुण्यांना वाटायचं, गेस्ट हाऊसची शिस्त चांगली आहे. मला मात्र आता पोर्चमध्ये जायची भीती वाटायला लागली होती.

एक दिवस पाहुणे गेल्यावर मावशी हात पुसत बाहेर आल्या. "साहेबांना इचारा, त्यांची आई म्हातारी व्हती का?"

मी विचारलं. ऐंशीच्या पुढची होती.

"मंग मेल्यावर बी त्या बाईला वाकायला लावता व्हय? रोज येवढ्या पाव्हण्यांची पायताणं? ती जायला बसलीया आन् ह्ये गावजेवण घालत्यात."

हे इंग्रजीत कसं सांगायचं, तेही साहेबाला… पण मी गाळलं काहीच नाही, सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. ते पायरीवर बसून राहिले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग विचारलं, आजचं वांगं शिल्लक आहे का.

होतं. पाय त्यांनी लावले. मावशींनी भाकरीचा तुकडा फडक्यात बांधून गायीच्या पाठीवर ठेवला, वाटेत भूक लागली तर म्हणून. दिवस मावळायच्या आत आम्ही घोडनदीवर गेलो. साहेबांनी तुरीच्या वाळक्या काड्यांचा, त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे निरोपाचा छोटा जाळ केला आणि कमरेत वाकून नमस्कार केला. बराच वेळ ते सरळ झालेच नाहीत. मावशींनी गाय पाण्यात सोडली. "जा बाई, सावकाश जा. पोराकडं आमी बघतो."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली तरी उठायला कुणी तयार नव्हतं. शेवटी साहेबच उठले, त्यांच्यामागं आम्ही. चपला काढल्या तशाच पडलेल्या होत्या, दत्ताची उलटी, तिच्यावर माझी.

"गेली," साहेब मराठीत म्हणाले. आमच्याकडं लाइट गेली की सगळे हाच शब्द म्हणतात, तिथूनच त्यांनी उचलला असणार. मग ते रडले. आम्ही रडू दिलं.

वारा म्हणावं तर गमबूट जड होते. कुत्रं जोड्या लावत नाही. कुणी खोडी केली म्हणावं, तर आम्ही सगळे एकमेकांच्या डोळ्यांसमोर होतो. सगळीकडून शोधलं, ही गळती काही मला सापडली नाही आणि आता सापडेल असंही वाटत नाही.

त्या आठवड्यात सुट्टीला घरी गेलो. आई माझ्या ताटात वाढायला वाकली, तसा मी तिच्या हातातून पळी घेतली. म्हटलं, तू बस, आज मी वाढतो.

तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "बरं हाय ना रं तुला?"