पिकअपच्या चाकांचे जाड बोल्ट

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली, पण त्या पिकअपची घटना मला आजही जशीच्या तशी आठवते.

तेव्हा मी कराड भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आटपाडीकडची एक बाई फिर्याद द्यायला आली. घर मेंढपाळाचं. नवरा मेंढरं राखायचा आणि ही जुन्या पिकअपमधून ती बाजाराला न्यायची. आमच्या हद्दीतल्या बाजाराबाहेर उभी केलेली ती गाडीच चोरीला गेली होती. घर त्या गाडीवर चालायचं, तरी बाई रडली नाही. रंग, नंबर सांगून झाल्यावर म्हणाली, "सायेब, चाकाचं बोल्ट पन लिवा."

मागे घाटात भरल्या गाडीचे बोल्ट तुटले होते. तेव्हापासून तिने चारही चाकांना जाड बोल्ट बसवून घेतले होते. त्यांच्या नटांना नेहमीचा पाना चालत नाही, मोठा लागतो. तो मात्र गाडीत नव्हता. नवऱ्याने मेखा ठोकायला घरी काढून ठेवला होता. त्यावरून तिने ठाण्यातच सोबत आलेल्या नवऱ्याची अशी हजेरी घेतली की ठाणे अंमलदाराला हसू आवरेना.

आम्ही आसपासच्या गॅरेजवाल्यांना, पंक्चरवाल्यांना वर्णन कळवलं. बरेच दिवस काही हाती लागलं नाही. मग मलकापूरच्या एका पंक्चरवाल्याचा फोन आला. पाटणकडून आलेली एक पिकअप पंक्चर होऊन त्याच्याकडे थांबली होती आणि चालकाच्या पान्याने चाकाचे नट निघत नव्हते. गाडी निळी होती, आम्ही शोधत होतो ती पांढरी. नंबरही वेगळा. तरी पथक घेऊन गेलो.

चालक अगदी शांत होता. कागदपत्रं चोख, गाडी पहिल्यापासून माझीच, असं सांगत होता. ठाण्यात आणून मी त्याला चहा दिला आणि गाडीच्याच गप्पा काढल्या. जाड बोल्ट कशासाठी बसवले, असं विचारलं.

"दिसायला बरं दिसतंय म्हणून," तो म्हणाला.

चाकाचे बोल्ट शोभेसाठी बदलणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांचा पाना कुठे आहे, असं विचारल्यावर तो म्हणाला, कालच हरवला. मी बाईला पाना घेऊन यायचा निरोप धाडला.

पंचांसमोर तिने आपला पाना नटाला लावला, वर पाय देऊन दाबला आणि नट फिरला. चालकाचा चेहरा उतरला.

"रंग दिला, नंबर बदलला," तो पुटपुटला. "चाकाकडं कोण बघतंय, वाटलं."

पोलिसांपुढच्या कबुलीवर खटला उभा राहत नाही. म्हणून बोल्ट बसवणाऱ्या विट्याच्या मिस्त्रीकडून काम ओळखून घेतलं. कागद भंगारात गेलेल्या दुसऱ्याच गाडीचे निघाले.

खोटं बोलणारा माणूस कागदांची तयारी करून येतो, पण रोजच्या वापराची तयारी त्याला करता येत नाही. त्यानंतर मी वस्तू कुणाची हे विचारण्याआधी ती वापरता कशी, हे विचारू लागलो.

न्यायालयाचा आदेश आला आणि बाई गाडी न्यायला आली. ठाण्याची जीप त्या दिवशी दुरुस्तीला गेली होती, मी पायीच घरी निघालो होतो. तिने गाडी शेजारी आणून थांबवली.

"आवं सायेब, बसा की. चालत कशापायी जाताय?"

मी बसलो. घरी पोचलो तेव्हा शर्टाला मेंढरांचा वास येत होता. नोकरीत कितीतरी फिर्यादींना मी सरकारी गाडीतून घरी सोडलं. फिर्यादीने मला घरी सोडलं, ते तेवढं एकदाच.