फुकटची वांगी

निजामाच्या अमलात मी भोकरदनला मास्तर होतो. शाळेच्या वाटेवर एका बाईचा भाजीचा लहानसा मळा होता. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. आवाज मात्र रोज ऐकायचो. पावसाळ्यात ती गोगलगाईंना शिव्या द्यायची, हिवाळ्यात वांग्यांवरच्या मावा किडीला, उन्हाळ्यात कुंपणातून घुसणाऱ्या शेळ्यांना. पदर खोचून, हातात ढेकूळ घेऊन ती शेळीला विचारायची, "तुह्या बापानं पाणी घातलं व्हतं का गं?"

गावात दौऱ्यावरच्या सरकारी साहेबांचा मुक्काम पडला की त्यांचा चपराशी टोपली घेऊन यायचा आणि न विचारता, पैसे न देता भाजी तोडून न्यायचा. एरवी गाव डोक्यावर घेणारी ती बाई तेव्हा दात आवळून उभी राहायची. ते बघून माझंच डोकं तापायचं.

एका बाजारच्या दिवशी तिनं त्याला वाफ्यात पाऊल ठेवू दिलं नाही. स्वतःच भराभर वांगी तोडली आणि वाटेनं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पदरात, पिशव्यांत कोंबत सुटली. माझ्याही धोतराच्या सोग्यात टाकली.

चपराशी ओरडला, "साहेबाला काय सांगू?"

"सांग, फुकटच द्यायचं तं मी माह्या हातानं देईन!"

दुसऱ्या दिवशी चपराशानं सगळे वाफे तुडवून टाकले होते. मी संतापून कुंपणाशी थांबलो. ती मोडक्या झाडांच्या बुडाशी माती लोटत होती.

"जावा मास्तर, शाळेला जावा," ती माझ्यावरच खेकसली. "तुडवायलाबी अक्कल लागती. मुळं तशीच ठिवून गेला मुडदा!"