गाडीत खोट काढणारा

मी आणि बायकोनं मिळून शेवटचं केलं ते एवढंच. शुक्रवारी आमची जुनी गाडी पुसली आणि इथं आखातात अरादला जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा मेळा भरतो, तिथं नेऊन उभी केली. हूरा वस्तीत राहणारा आपला एक कोकणी आलाच. माझ्या गाडीत खोट काढल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही.

"आरसा ओरिजिनल नाय हा," तो म्हणाला.

मी तोंडाचा फटकळ, शिवी देणारच होतो. तेवढ्यात बायको म्हणाली, "भावजी, माझे दात तरी कुठे ओरिजिनल आहेत? म्हणून यांनी मला भंगारात घातलं का?"

खलास! सगळे हसले, तोसुद्धा.

त्याच रात्री ती झोपेतच वारली.

सकाळी सगळ्यांच्या आधी तोच दारात आला. नुसता उभा, डोळे गळतायत. त्याचं ते गप्प राहणं मला सहन होईना. हाताला धरून त्याला खाली गाडीपाशी नेलं, बॉनेट उघडलं आणि म्हटलं, "बघ, आणखी काय काय चुकलंय ते सांग."

त्यानं नाक पुसलं आणि रेडिएटरच्या पाइपापासून सुरुवात केली. मी एकदाही उलट बोललो नाही.